शाळा सोडण्याचे कारण

हिंगोलीकडच्या गोरेगावहून येणारी जीप गावात शिरली की सगळ्यात आधी कानावर पडायचा तो विश्वंभर गुरुजींचा सातवीचा वर्ग. "उणे उणे अधिक! उणे अधिक उणे!" साठ पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची आणि गुरुजी छडीनं टेबलावर ठेका धरायचे. पारावरची माणसं कौतुकानं म्हणायची, "गुर्जी गणित पाजून राहिले." खोटं नव्हतं ते. पाजायचेच, नाक दाबून.

पूर्णांकांचं प्रकरण तर त्यांनी पार घोटून घेतलेलं. बेरीज करताना चिन्हं सारखी असतील तर मिळवा, वेगळी असतील तर वजा करा आणि मोठ्याचं चिन्ह लावा. वजाबाकी आली की दुसऱ्या संख्येचं चिन्ह बदला आणि बेरीज करा. गुणाकार-भागाकारात सारखी चिन्हं अधिक, वेगळी चिन्हं उणे. संपलं प्रकरण, उघडा पुढचं पान! काहून, कशापायी, असलं काही वर्गात विचारायचं नाही. विचारलंच तर छडी.

आता लपवून काय करायचं? काहून ते खुद्द गुरुजींनाच ठाऊक नव्हतं. मॅट्रिकला दोनदा गणितातच आपटले होते, तिसऱ्यांदा सगळं पुस्तक पाठ करून सुटले. त्यांच्या गुरुजींनी त्यांना मारून मारून नियम शिकवले, यांनी पुढच्यांना तसेच शिकवले. हे कोणाला तरी कळेल, भर वर्गात कोणीतरी आपल्याला उघडं पाडेल, ही एक धास्ती त्या माणसाच्या पोटात वीस वर्षं बसून होती. बायकोला तेवढं माहीत. सुमनबाई कधी चेष्टेनं म्हणायच्या, "सारं गाव तुमाला भितं, अन् तुमी भिता पुस्तकाला!" गुरुजी तेवढ्यावरून दोन दिवस जेवताना बोलायचे नाहीत.

त्र्याण्णव साली सातवीत राणी होती, जळबाची थोरली पोरगी. जळबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. बौद्धवाड्यातून सातवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच मुलगी, आणि हुशार म्हणजे किती? गुरुजींनी फळ्यावर उदाहरण पुरं लिहायच्या आत हिचं उत्तर तयार. जळबाला तिला नर्स करायची होती. घरात त्याची आई, सोजराबाई, मात्र पहिल्यापासून विरोधात. म्हातारीनं लेकाला बजावलंच होतं, "एक बोल आला पोरीवर, तर दुसऱ्या दिशी शाळा बंद. माह्या घरात नाचक्की न्हाई चालायची." जळबानं हो म्हटलं. त्या एका 'हो'वर पोरीची शाळा चालू होती आणि राणीला ते पक्कं माहीत होतं.

थंडीच्या दिवसांत तपासणी आली. विस्तार अधिकारी सातवीच्या वर्गात येऊन खुर्चीवर बसले. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, उणे तीन गुणिले उणे दोन, आणि राणीला उभं केलं.

"अधिक सहा," राणी म्हणाली.

"शाब्बास!" साहेब खूश झाले. निघता निघता सहज म्हणाले, "कोणाला काही शंका?"

अहो, साहेब असं विचारतात ते काय कोणी शंका विचारावी म्हणून? पण राणीनं हात वर केला. "सर, उणे गुणिले उणे अधिक काहून व्हते?"

साहेबांनी हसून गुरुजींकडं बघितलं. "सांगा गुरुजी, पोरगी विचारून राहिली."

गुरुजींच्या जिभेवर एकच शब्द होता, तो बाहेर पडला. "नियम आहे साहेब."

"हां, नियमच आहे तो," साहेब म्हणाले. त्यांनाही कुठं ठाऊक होतं! इथंच सगळं मिटलं असतं. पण राणी खाली बसेना. "सर, मला..." असं म्हणत ती पुढं आली आणि तिनं मूठ उघडली. मुठीत चिंचोके होते. फोडलेले, चल्लसआठच्या खेळात पोरी फाशांसारखे टाकतात तसले, एका अंगानं काळपट, दुसऱ्या अंगानं पांढरे.

गुरुजींच्या डोक्यात तिडीक गेली. आधी प्रश्न विचारून इज्जत काढली, आणि वर साहेबापुढं खेळ मांडते? त्यांनी तिच्या हातावर अशी चापट मारली की चिंचोके उडून पार भिंतीपर्यंत गेले. "शाळेत जुगार खेळतेस? लाज न्हाई? बापाला घेऊन ये उद्या, त्याबिगर पाय ठेवायचा न्हाई वर्गात!"

साहेबांना त्याचंही हसू आलं. पोरं मग साहेब हसले म्हणून हसली. राणी हात चोळत उभी राहिली आणि दप्तर घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जळबा कामाला खाडा करून राणीला घेऊन आला. शाळेच्या पायरीशी चप्पल काढून, हात जोडून उभा. "गुर्जी, काय केलं लेकरानं?"

"जुगार खेळते तुमची पोरगी. चिंचोके घेऊन येते शाळेत."

हे गुरुजी बोलले ते बाकीच्या तीन मास्तरांसमोर आणि पाणी भरायला आलेल्या बाईसमोर. जुगार कसला आणि काय कसला! पोरींच्या खेळाला जुगार म्हणताना त्यांची जीभ अडखळली नाही. पण शब्द सुटला होता. दुपारपर्यंत तो बौद्धवाड्यात पोहोचला, सोजराबाईच्या कानावर गेला.

जळबा हलेना. "परीक्षेपुरतं बसू द्या गुर्जी. सातवी तर व्हऊ द्या. मी पाया पडतो."

"सगळ्या वर्गापुढं तिनं कबूल करावं, मी जुगार खेळत होते म्हणून. मग बसू दे."

जळबानं राणीकडं बघितलं. तेरा वर्षांची पोरगी. एवढं एक वाक्य म्हणून टाकलं असतं तर सगळं वाचलं असतं. "म्या खेळत न्हवते," ती म्हणाली. बापानं पुन्हा सांगितलं, पार गयावया केली तिची. "बाबा, म्या खेळत न्हवते," तेवढंच.

गुरुजींनाही मागं सरता आलं असतं. रात्री सुमनबाईंनी सुनावलं, "लेकराची शाळा मोडता व्हय एवढ्याशा गोष्टीवर?" गुरुजी ताटावरून उठून गेले. आपण चुकतोय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ती पोरगी वर्गात परत आली तर तो प्रश्नही परत येईल, याची त्यांना जास्त भीती होती. आठ दिवसांनी त्यांनी रजिस्टर काढलं आणि राणीचं नाव कमी केलं. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, तिकडं कुरुंद्याला. म्हातारीनंच जमवलं, बोल लागलेली पोरगी घरात ठेवायची नाही म्हणून. वऱ्हाडाचा ट्रॅक्टर शाळेपुढूनच गेला. गुरुजी उत्तरपत्रिका तपासत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

मग वर्षं गेली. परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला. शाळेला दोन खोल्या वाढल्या. गुरुजींचे केस पिकले आणि ते प्रभारी मुख्याध्यापक झाले. उणे उणे अधिक चालूच होतं.

राणी दोन हजार पाचला माहेरी परत आली, नवरा गेल्यावर. सोबत पोरगी, ज्योती. सोजराबाई तोवर वारली होती, जळबाचे डोळे गेले होते. राणी सोयाबीन कापायला जायची, हळद काढायला जायची आणि त्यावर घर चालायचं. रस्त्यात समोर आली की गुरुजी चष्मा पुसायला लागायचे. दोन वर्षांत ज्योती गुरुजींच्याच शाळेत चौथीपर्यंत आली. नाव घेण्यासारखी हुशार आहे, असं तिच्या वर्गाच्या बाई म्हणायच्या. पाचवीपासून गणित गुरुजींकडं. म्हणजे जूनमध्ये ती त्यांच्या वर्गात येणार होती.

दोन हजार सातच्या मे महिन्यात गुरुजींना प्रशिक्षणाला हिंगोलीला बोलावणं आलं. चाळीस मास्तर एका तापलेल्या पत्र्याच्या हॉलमध्ये. शिकवायला एक तरुण बाई. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "उणे गुणिले उणे अधिक का होतं?"

चाळीस जण, कोणाची वीस वर्षं सर्व्हिस, कोणाची तीस. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "नियम आहे मॅडम," आणि सगळे हसले. गुरुजीही हसले. चला, आपण एकटेच नव्हतो म्हणायचं!

बाईंनी पुठ्ठ्याच्या टिकल्या काढल्या, एका बाजूनं निळ्या, दुसऱ्या बाजूनं लाल. "निळी म्हणजे अधिक एक, लाल म्हणजे उणे एक. एक निळी आणि एक लाल एकत्र आल्या की हातात शून्य. त्यावर बेरीज-वजाबाकी सगळी होते. आता गुणाकार बघा. उणे तीन म्हणजे तीन लाल. त्या दोनदा घ्या, सहा लाल झाल्या. पण आपल्याला दोनदा नाही, उणे दोनदा घ्यायच्यात. उणे म्हणजे उलट. मग करा उलट्या." आणि त्यांनी सहाच्या सहा टिकल्या उलथवल्या. सहा निळ्या.

गुरुजींचं हसू तिथंच थिजलं. एका अंगानं काळे, दुसऱ्या अंगानं पांढरे. फळ्यावर हेच उदाहरण होतं. पोरीच्या तळहातावर किती होते? त्यांनी डोळे मिटले आणि त्यांना तो हात दिसला. सहा. सगळ्यांची काळी बाजू वर. ती उलथवूनच दाखवणार होती. "सर, मला..." म्हणाली होती. सर, मला सापडलंय, एवढंच म्हणायचं होतं तिला.

दुपारच्या जेवणाला ते उठले नाहीत. त्यांनी लाज म्हणजे काय हे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, पन्नाशी उलटल्यावर.

घरी आल्यावर सुमनबाईंकडून चिंचोके मागून घेतले. स्वतः फोडले, दगडावर घासले, एका डबीत भरले. आता जूनमध्ये ज्योती वर्गात आली की हेच. तिच्या आईचं जे मोडलं ते हिला तरी नीट द्यायचं. त्यांना दुसरं काही सुचेना. जळबाच्या घरी जाऊन राणीशी बोलावं म्हणून दोनदा निघाले, दोन्ही वेळा बौद्धवाड्याच्या तोंडावरून परत फिरले. काय म्हणणार होते तिला?

शाळा उघडली आणि तिसऱ्या दिवशी राणीच आली. पदर खोचलेला, कामावर जायच्या घाईत. ज्योती मागं दाराशी थांबली.

"दाखला पायजे पोरीचा. गोरेगावला घालून राहिले."

गुरुजींनी खुर्ची पुढं सरकवली. "बस, बस आधी." ती बसली नाही. त्यांनी ड्रॉवरमधून डबी काढली, टेबलावर चिंचोके ओतले. तीन काळे, आणखी तीन काळे. सगळे उलथवले. "राणी, तू त्या दिवशी हेच दाखवत होतीस ना?"

राणीनं एक चिंचोका उचलून बघितला. "व्हय," ती म्हणाली. "तुमाला कव्हा कळलं?"

"गेल्या महिन्यात."

"मला तव्हाच कळलं होतं गुर्जी. आठ दिस चिंचोके घेऊन बसले होते, तव्हा सापडलं. वाटलं, तुमी शाबासकी द्यान."

"चुकलं माझं," गुरुजी म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी उभ्या जन्मात कोणाला म्हटले नव्हते. "लई मोठं चुकलं. पण पोरीला इथंच राहू दे. मी तिला नीट शिकवतो, असंच, चिंचोक्यांनी. कोसभर पायी कशाला धाडतेस?"

"तिला येतंय ते. म्या शिकवलंय." राणीच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "गुर्जी, इचारायला लई आवडतं माह्या पोरीला. तिनं इचारलं अन् तुमाला नाही आलं, तर तुमी काय करान, मला ठाव हाय."

नाही करणार, असं गुरुजींना म्हणायचं होतं. पण त्यांची त्यांनाच खात्री नव्हती.

"माह्या येळी रजिस्टरात काय लिवलं होतं?" राणीनं विचारलं. "मला कोणी दाखवलंच न्हाई."

जुनं रजिस्टर कपाटात सगळ्यात खाली होतं. त्यांनी धूळ झटकून पान काढलं आणि तिच्यापुढं सरकवलं. वाचून दाखवायची त्यांची छाती झाली नाही. राणीनं बोट लावून स्वतः वाचलं. वर्तणूक, समाधानकारक नाही. शाळा सोडण्याचे कारण, पालकांची इच्छा.

"माह्या बापाची इच्छा?" ती म्हणाली. "पाया पडत होता की वो तो तुमच्या." तिनं रजिस्टर मिटून ठेवलं. "लिवा आता हिचा. मला उशीर व्हऊन राहिला, बाया थांबल्या हायेत."

गुरुजींनी दाखल्याचं पुस्तक ओढलं. नाव, जन्मतारीख, इयत्ता. वर्तणुकीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, अतिशय चांगली. मग शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. शाळा सोडण्याचे कारण. खरं कारण समोर खुर्चीत बसून दाखला लिहीत होतं, आणि ते लिहायची हिंमत त्याच्यात आजही नव्हती. त्यांनी लिहिलं, पालकांची इच्छा. सही केली, शिक्का मारला.

राणीनं दाखला उभ्या उभ्या वाचून बघितला. "आता बराबर हाय," ती म्हणाली, घडी करून कमरेला खोचला आणि ज्योतीचा हात धरून निघून गेली.