वाइड अँगल लेन्स आणि घरजावई

जुनी लेन्स घेताना दुकानदाराचं ऐकायचं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी ऐकलं. मुंबईच्या कोट भागात, जुन्या सामानाच्या एका दुकानात ती मखमलीच्या तुकड्यावर ठेवलेली होती. पितळेची, जर्मन, वाइड अँगल, महायुद्धाच्या आधीची. उजेडाकडे धरली तर काचेत तीन बारीक बुडबुडे दिसले. दुकानदार म्हणाला, "बुडबुडा हीच तर अस्सल जर्मन काचेची खूण." बुडबुडा नसता तर त्याने काच किती निर्मळ आहे ते दाखवलं असतं, हे मला कळत होतं. तरी पैसे मोजले.

घरी आणून तिची रीतसर परीक्षा घेतली. भिंतीवर वर्तमानपत्र ताणून लावलं आणि फोटो काढला. मधली अक्षरं सुईच्या टोकासारखी आली, कोपऱ्यातली ताडी प्यायलेली. मग ओळीने सात नारळ मांडले. मधला नारळ नारळच राहिला, कडेचे दोन भोपळ्यासारखे पसरले. म्हणजे तिचे गुणदोष मला पुरते ठाऊक होते. मी स्वतःला पारखी समजत असे, आणि इतरांनीही समजावं अशी माझी इच्छा असे.

मी तेव्हा गिरीजला मामांच्या वाडीत राहायचो. म्हणजे आईच्या माहेरी. लग्नानंतर माझे वडील दोन महिने मदतीला म्हणून तिथे आले होते, त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली होती. घरजावयाचा मान आमच्या घरात फक्त हाक मारण्यापुरता असे. "भावोजी" अशी आदराची हाक यायची आणि तिच्यामागून केळीचे घड उतरवण्यापासून बैल रहाटाला जुंपण्यापर्यंत कसलंही काम यायचं. वडील कधी कुरकुरले नाहीत. मीच कुरकुरायचो, तेही मनात.

ओटीच्या भिंतीवर घरच्या लग्नांचे दोन ग्रुप फोटो होते. दोन्हींत वडील नाहीत. त्यांना कुणी हाकललं नव्हतं, हे सांगायला हवं. अंगण अरुंद. फोटोग्राफर मागे सरकत सरकत विहिरीच्या कठड्याला टेकायचा आणि म्हणायचा, "मावत नाहीत, एकदोन माणसं कमी करा." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत वडील रांगेतून बाहेर आलेले असत. मागचा पडदा धरायला कुणीतरी लागायचंच. एका फोटोत पडद्याच्या कडेला चार बोटं दिसतात, ती त्यांची. लेन्स धंद्यासाठी घेतली असं मी घरात सांगितलं होतं. खरं म्हणजे ती मी त्या चार बोटांसाठी घेतली होती.

मामेबहिणीच्या लग्नात संधी आली. मामांनी एकच अट घातली, नवं ऑइल इंजिन फोटोत आलं पाहिजे. ते विहिरीवर बसवायचं होतं, तोवर त्याला हार घालून ओटीच्या उजव्या अंगाला ठेवलं होतं. मामा मधल्या खुर्चीत बसले, भोवती सगळं गणगोत, उजव्या टोकाला इंजिन. वडील सवयीने पडदा शोधायला निघाले.

"बाबा, आज पडदा नाही. या इकडे, डाव्या टोकाला उभे राहा."

"मावेन मी?"

"सगळे मावतात. त्यासाठीच तर आणलीय."

त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि उभे राहिले. लेन्स मंद, उजेड कमी घेणारी; चार सेकंद कुणी हलायचं नव्हतं. पोरं चुळबुळली, नवऱ्याची मुंडावळी हलली. वडील जराही हलले नाहीत. न बोलता एका जागी उभं राहण्याचा त्या घरात त्यांच्याइतका सराव कुणालाच नव्हता.

प्रत काढली तेव्हा मी हरखून गेलो. मामा मध्ये लख्ख आले होते, मिशीचा केस न् केस वेगळा, पण जेवढे होते तेवढेच. इंजिन पसरून भाताच्या गिरणीएवढं झालेलं. आणि डावीकडे माझे वडील! काडीसारखा माणूस, पण खांदे दोन माणसांचे, गाल भरलेले, वाडीचा मालकच जणू पाहुण्यांच्या स्वागताला उभा.

मामांनी चष्मा लावून प्रत उजेडात धरली. "इंजिन झकास आलंय. लेन्स चांगली आहे तुझी." मग बोट डावीकडे सरकलं. "हे काय? भावोजी असे कुठे आहेत? या बाजूला बिघडलीय ती. एवढी कड काप आणि मग फ्रेमला दे."

"मामा, इंजिनसुद्धा एवढं मोठं नाहीये."

"इंजिन मोठंच आहे," मामा म्हणाले.

माझी डार्करूम म्हणजे मामांची केळी पिकवायची खोली होती. ती गेली की धंदा गेला. तेव्हा बाणेदार उत्तर मी गिळलं, पट्टी लावली आणि ब्लेडने कड कापली. ज्याच्यासाठी लेन्स आणली, त्यालाच माझ्या हातांनी बाहेर काढलं.

तेवढ्यात वडील केळी बघायला खोलीत आले. टेबलावरचा तो अरुंद तुकडा त्यांनी उचलला आणि दाराशी नेऊन बराच वेळ पाहिला. एक हात नकळत स्वतःच्या खांद्यावर गेला.

"एवढा दिसतो मी?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण मी पडलो पारखी. वाइड अँगलमध्ये कडेची वस्तू कशी पसरते, नारळाचा भोपळा कसा होतो, हा काचेचा दोष कसा असतो, सगळं मी त्यांना नीट समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"म्हणजे हे खरं नाही."

"नाही, बाबा."

बोललो आणि माझी मलाच लाज वाटली. घाईघाईने म्हणालो, "निगेटिव्हची काच माझ्याकडेच आहे. अख्खी प्रत काढून देतो तुम्हाला, न कापलेली."

"नको रे," वडील म्हणाले. "कुणी बघितलं तर म्हणेल, ह्याच्या पोराला फोटो काढता येत नाही."

त्यांनी तुकडा माझ्यापुढे ठेवला, त्यावर उमटलेला आपल्या बोटाचा डाग बाहीने पुसला, आणि ते केळी चाचपायला वळले.