तेल न घालणाऱ्यांचे बुश

"चरक कुणाचा?"

कामासाठी आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी आबा हे विचारत, आणि उत्तर पटेपर्यंत हातातली चिलीम काही खाली ठेवत नसत.

छत्तीस-सदतीस सालच्या सुमारास मी बारामतीतल्या एका कारखान्यात नकाशे काढायचो आणि उरलेल्या वेळात मालाच्या मागे पळायचो. कालव्याच्या पाण्यावर ऊस माजला होता आणि आम्ही तो गाळायचे, बैलांनी ओढायचे लोखंडी चरक करत होतो. ऊस चेपणाऱ्या लाटा, दातेरी चाकं, सांगाडा, सगळं आमच्या आवारात व्हायचं. फक्त लाटांची टोकं ज्यात फिरतात ते पितळी बुश निमगाव केतकीच्या एका म्हाताऱ्या ओताऱ्याकडून यायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. बुश आल्याशिवाय चरक उभा राहत नसे आणि आबांना घाई केलेली खपत नसे.

एकदा मी म्हणालो, "चरक लोणी भापकरच्या एका बागाईतदाराचा आहे."

"तेल घालतो का त्यो?"

"मला काय माहीत, आबा?"

"मग इचारून ये."

आता लोणी भापकर बारामतीच्या एका अंगाला आणि निमगाव दुसऱ्या. मी नकाशे काढणारा माणूस, ते अंतर मला कागदावर ठाऊक होतं. सर्व्हिस मोटारीच्या मागच्या बाकावर बसून गेल्यावर ते माझ्या मणक्यांनाही कळलं.

ही हकीकत ऐकून मालक भडकले. "बुशाची काय सोयरीक जुळवायचीय का? घराणं कशाला इचारतोय म्हातारा?" मग त्यांनी ठरवूनच टाकलं. "सगळा हंगाम त्याच्या चिलमीवर चालवायचा न्हाय. भट्टी आपल्या आवारात घालू. तू आठ दिवस तितं जाऊन बस, सगळं बघून ये. कशाला आलास ते मातर बोलू नगंस."

माल घेऊनच परत जायचंय, असं सांगून मी आबांच्या पडवीत मुक्काम ठोकला. पहिला दिवस मी खांबाला टेकून, भट्टीकडे चोरून बघण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी आबा भाता थांबवून म्हणाले, "मालक भट्टी घालतोय न्हवं?"

मी वही मांडीखाली सरकवली.

"मग लांब कशाला बसलास? लांबनं काय दिसतंय. हितं ये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनी काही म्हणजे काही लपवलं नाही. माती किती चाळायची, घोड्याची लीद किती मिसळायची, साचे सावलीतच का वाळवायचे, ज्वाळेचा रंग पाहून वितळलेल्या पितळाची मूस कधी उचलायची, सगळं सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं. मधूनच ते गिऱ्हाइकांवर घसरत. अमक्याची बैलं उधळी, तमका तेलाच्या बाबतीत चिक्कू, असं बराच वेळ चाले. तेवढ्या वेळात मी वही मिटून पेन्सिलीला टोक काढून घ्यायचो. म्हाताऱ्या माणसांना बोलायला आवडतं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आमची भट्टी पेटली. पहिले बुश निघाले ते सगळे एका मापाचे, एकासारखे एक. मालकांनी पेढे वाटले.

हंगाम सुरू होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच सणसरचा एक शेतकरी बुश घेऊन दारात उभा. हंगामाआधीच आम्ही त्याला ते नवे बसवून दिले होते. आतून पार खाल्ले गेले होते.

"चरक असा वरडतोय, की बैलं जाग्यावर थांबत्यात," तो म्हणाला.

"तेल कधी घातलं होतं?" मालकांनी विचारलं.

"तेल? सा वर्सं चरक चालवतोय, तेलाचं कुणी बोललं न्हाय."

त्या आठवड्यात असेच आणखी तिघे आले. तोडलेला ऊस फडात वाळत पडला होता आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्याचा चरक घ्यायची भाषा लोक आमच्या तोंडावर करत होते. कारखान्याचं नाव जायची वेळ आली तेव्हा मालक स्वतः माझ्याबरोबर निमगावला आले.

सणसरचा म्हणून सांगितल्यावर आबांनी तो खाल्लेला बुश हातात फिरवला. "हितं अंग जाड पायजे हुतं. तेलाची खाच खोल पायजे हुती, म्हंजे एकदा घातलेलं लई दिस पुरतं. म्या ह्याला तसाच करून द्यायचो."

"मग त्याला तेल घाल म्हणून सांगायचं!" मालक म्हणाले.

"मालक, माणूस का बदलणार हाय? बुश बदलायचा."

मालकांनी त्यांना पुन्हा बुश ओतून द्यायची गळ घातली. आबांनी दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. "भट्टी मोडली म्या. तुमची झाली म्हणून तर सुटलो. ओता तुमीच, मी दारात बसून सांगतो."

असं बुशांमागोमाग ओताऱ्यालाही आम्ही कारखान्यात आणलं. मालकांनी त्यांना खुर्ची दिली, पण ते फाटकाजवळ एका मोडक्या लाटेवर बसत. शेतकऱ्याच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते त्याचं धोतर बघत. "तेल घालणाराच्या धोतरावर डाग असतोय. ह्यो बघ, परटाघरनं आल्यावाणी. खाच खोल काढ." गिऱ्हाईक बिचारं ओशाळून सोगा लपवी. मालक मागे उभे राहून कान देऊन ऐकत आणि आम्हाला माप बदलायला सांगत. मी हेरगिरी करायला गेलेला माणूस, पण मला ते फार आवडायला लागले होते. सकाळी ते फाटकात दिसले नाहीत तर मला काम सुचत नसे.

असे दोन हंगाम गेले. तिसऱ्याच्या तोंडावर, आबा निमगावला घरी असतानाच, ते गेल्याची बातमी सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने आणली.

तो सणसरचा शेतकरी त्यानंतर चार दिवसांनी आला. फाटकाशी थबकून त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"आबा कुठायत?"

मी सांगितलं. तो त्या मोडक्या लाटेच्या शेजारी, खाली जमिनीवरच बसला. डोक्याचा पटका काढून त्याने मांडीवर ठेवला.

मग हळूच म्हणाला, "म्हंजे आता तेल घालाया पायजे."