तेरा किलो दोनशे

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, खरं सांगायचं तर त्यातल्या चुका शोधायला. नोकरीच तशी आहे. दोहातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. नोंदीतला आकडा आणि हातातला कागद जुळला नाही की मला जेवण जात नाही. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. पण एक आकडा जुळत नाहीये... आणि तो जुळवता जुळवता मी पार वैतागलोय.

माझी बायको शुभदा गेल्या फेब्रुवारीत गेली. फिजिओथेरपिस्ट होती. क्लिनिकमध्ये दोन पेशंटच्या मधल्या वेळात खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. डोंगरांचं तिला वेड. इथे उंचवटा म्हणाल तर फ्लायओव्हर, म्हणून ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या सात मजली बिल्डिंगच्या जिन्याचाच तिने गड केला होता. सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरायच्या आणि शुक्रवारी सकाळी वर-खाली, वर-खाली. हळूहळू सात-आठ मराठी मंडळी तिच्या मागोमाग चढायला लागली आणि दिवाळीच्या रजेत हा ग्रुप ईशान्येकडे जाऊ लागला. कधी सिक्कीम, कधी अरुणाचल. "अहो, एकदा तरी चला," असं ती बावीस वर्षं म्हणत होती. बावीस वर्षं मी पुस्तकातून मान वर न करता "पुढच्या वेळी" म्हणत होतो.

ग्रुपसाठी तिने चार पानी सूचना लिहून ठेवल्या होत्या. कॉटन नको, भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. लोकरीचे मोजे दोन जोड, त्यातला एक फक्त झोपताना. सॅकला रेनकव्हर असलं तरी आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच. कोरे बूट घेऊन थेट डोंगरावर यायचं नाही. आणि एक वाक्य लाल शाईत: 'जिन्याने पाय तयार होतात, फुप्फुसं नाहीत. रजा कमी आहे म्हणून मधल्या गावातला विश्रांतीचा दिवस कापायचा नाही.' सगळ्यात शेवटी वजनाचा नियम. निघायच्या आधीच्या शुक्रवारी प्रत्येकाची सॅक हुकच्या काट्याला टांगायची. स्वतःच्या वजनाच्या सहाव्या भागाहून जास्त भरली तर तो माणूस वर येणार नाही. हुज्जत नाही.

यंदाची अरुणाचलातली खिंड तिनेच ठरवली होती. आता ग्रुप तिची मैत्रीण मुग्धा नेणार होती आणि आमची मुलगी रेवा जाणार होती. मी म्हटलं, मीही येतो. रेवाने माझ्याकडे एखाद्या पेशंटकडे बघावं तसं बघितलं. "बाबा, सीरियसली? यू डोन्ट ईव्हन टेक द स्टेअर्स."

मी आठ महिने जिना चढलो. पाचव्या मजल्यावर धाप लागायची, ती कुणाला सांगितली नाही. 

निघायच्या आठवडाभर आधी शुभदाची सॅक काढून, तिच्या यादीप्रमाणे, एकेक वस्तूवर खूण करत भरली. माझं वजन सहासष्ट, म्हणजे मर्यादा अकरा किलो. काट्यावर आकडा आला नऊ किलो सहाशे. मी समाधानाने ऑफिसला गेलो.

संध्याकाळी सहज पुन्हा टांगली. तेरा किलो दोनशे.

"रेवा, माझ्या सॅकमध्ये काय घातलंस?"

"मी? आय डिडन्ट ईव्हन टच इट!"

सगळं पलंगावर ओतलं. यादीबाहेरचं काही नव्हतं. पाच किलोची तांदळाची पिशवी काट्याला लावली, बरोबर पाच. मग प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, आकडे कागदावर मांडले, रिकामी सॅक त्यात मिळवली. नऊ किलो सहाशे. परत भरली, टांगली... तेरा किलो दोनशे.

पुढचे चार दिवस मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. जाड जाकीट काढलं, तेरा दोनशे. औषधांचा डबा काढला, तेरा दोनशे. काटा बदलला. मॉलमध्ये जाऊन नवी सॅक आणली, तिच्यात सामान भरलं, तरी तेच. रेवाची सॅक त्याच काट्यावर, त्याच हुकला निमूट आठ किलो दाखवत होती. भुतांच्या गोष्टीत माणसं घाबरतात म्हणे. मला नुसता संताप येत होता.

शुक्रवारी सगळे मदिनत खलीफा भागात मुग्धाच्या घरी जमले. पोहे झाले, चहा झाला, एकेकाची सॅक टांगली गेली. माझी पाळी आली तेव्हा शुभदाच्या सॅकमध्ये मी मोजे, रेनकोट आणि टॉर्च एवढंच ठेवलं होतं. होय, मी फसवणार होतो. बाकीचं सामान गाडीत होतं.

तेरा किलो दोनशे.

"भावोजी, मुक्कामाला कपाट नेताय की काय?" मुग्धा हसत म्हणाली आणि तिने सॅक हातात घेतली. मग तिचं हसू गेलं. सॅक हलकी होती. तिने स्वतः हुकला लावली, आकडा वाचला, काढली, पुन्हा लावली. तिच्या नवऱ्याने लावून बघितली.

"काटा बिघडलाय," मी म्हणालो.

"माझी सॅक आत्ताच झाली याच्यावर," मुग्धा हळूच म्हणाली. "भावोजी, नियम माझा नाहीये. शुभदाचा आहे."

"बाबा," रेवा म्हणाली, आणि पुढे चक्क मराठीत, "आई नाही म्हणतेय."

मग माझा तोल सुटला. मी हळू बोलणारा माणूस, पण लोकांच्या घरात उभा राहून छताकडे बघत ओरडलो, "बावीस वर्षं चला चला करून डोकं खाल्लंस! आता निघालोय तर दारात आडवी का येतेस?"

मुग्धाने चहा पुन्हा गरम केला. मी तो प्यालो आणि पाचव्या मजल्यावरच्या धापेचं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मुग्धा म्हणाली, मधल्या गावापर्यंत गाडी जाते, तिथवर या.

तसंच केलं. विश्रांतीचा दिवस सगळ्यांबरोबर काढला, मग ते वर गेले. मी तीन दिवस एका घराच्या ओसरीत, चुलीच्या धुरात, वाचायला नेलेलं पुस्तक न उघडता बसून राहिलो. चौथ्या दिवशी दुपारी रेवा उतरून आली. गाल उन्हाने सोलले होते, ओठ फुटले होते. आठ-नऊ महिन्यांत तिचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता. 

"कसं होतं?"

तिने बुटाच्या नाड्या सोडल्या. "इट वॉज लाइक... जस्ट द टू ऑफ अस, बाबा. मी अँड आई." आणि मग मला मिठी मारून खूप रडली.

दोहाला परतल्यावर पहिलं काम केलं ते हेच. तेच सामान, तीच सॅक, तोच काटा. नऊ किलो सहाशे. त्यानंतर निदान तीस वेळा टांगली असेन, नऊ किलो सहाशेच. ऑफिसातल्या एका इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरला सगळं सांगितलं. त्याने बॅटरी, सेन्सर, तापमान असं बरंच काही सांगितलं, पण एकाच माणसाचं सामान का, हे त्यात कुठेच बसत नाही. 

खरं तर आकड्याचं मी एकवेळ सोडून देईन. माझ्या धापेची काळजी वाटून तिने मला थांबवलं, की तिला ते तीन दिवस लेकीबरोबर एकटीने हवे होते, हे मात्र कळत नाही. काळजी असेल तर ठीक. पण दुसरं असेल तर, शुभदा, नुसतं म्हणाली असतीस ना... मी खालीच थांबलो असतो.