उजवीकडचा श्वास

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई मी. वय त्रेचाळीस, नाशिकला अंबडच्या एका फूड कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी. दिवसभर सॅम्पल, टेस्ट, रिपोर्ट. जे तपासता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही, हे मी घरात इतक्यांदा ऐकवलंय की मी हे लिहितेय म्हटल्यावर नवरा गालात हसतोय. हसू दे. कुणाला पटावं म्हणून लिहीत नाहीये... डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

गेल्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. केसांना मागून क्लिप लावता येईना. फिजिओथेरपीने थोडा फरक पडला, मग ऑफिसमधल्या एकीने हॉट योगाचं सुचवलं. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर क्लास, सकाळी साडेसहाची बॅच. जानेवारीतली नाशिकची थंडी — स्वेटर, स्कार्फ, हातमोजे घालून स्कूटीवरून जायचं आणि आत चाळीस डिग्रीत टी-शर्टवर उभं राहायचं! समोर आरसा, भिंतींवर हीटरचे पॅनल, दार घट्ट बंद.

पहिल्या दिवशी दाराबाहेर स्टुलावर सुनंदामावशी बसल्या होत्या. मूळच्या सायखेड्याच्या. क्लासची झाडलोट आणि टॉवेल धुणं त्यांच्याकडे. माझा चेहरा बघूनच त्या म्हणाल्या,

"ताई, घाबरल्या का? आत लय गरम हाय. चक्कर आली तर लाजायचं नाय, सरळ आडवं व्हायचं. पहिल्या दिवशी समदेच होतात."

मीही झाले. वीस मिनिटांत. घाम डोळ्यांत उतरून चुरचुरत होता, मॅटवरून पाय निसटत होता, छातीचे ठोके कानात वाजत होते. शिकवणारी केतकी म्हणाली, "ताई, नुसतं पडून राहा. नाकाने श्वास घ्या. बाहेर मात्र जाऊ नका, एकदम थंडीत गेलात तर जास्त त्रास होईल." दुसऱ्या दिवसापासून मी मॅटवर जाड टॉवेल अंथरायला लागले, आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यायला लागले. आठवड्याभरात खांदा सुटल्यासारखा वाटला. खरंच सांगते, मी खूश होते.

तो माझा नववा की दहावा दिवस. आम्ही नऊ जण होतो. माझी जागा मागच्या रांगेत अगदी उजवीकडे. माझ्या उजव्या हाताला दोन-तीन फूट मोकळी फरशी आणि मग भिंत. ही भिंत इमारतीची बाहेरची. तिच्यापलीकडे खोली नाही, जिना नाही... खाली सरळ पार्किंग.

शेवटी शवासन. केतकीने दिवे मंद केले आणि ती बोलायची थांबली. मी डोळे मिटून पडले होते. आणि उजवीकडून श्वासाचा आवाज यायला लागला.

आधी वाटलं, कुणीतरी दमलंय. पण तो श्वास नीट नव्हता. घशात अडकत होता. घर्र करून आत जायचा... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा. अगदी माझ्या कानापाशी. मी डोळे उघडून मान वळवली. मोकळी फरशी. कुणी नाही. तरी आवाज तिथूनच येत होता!

आणि मग माझ्या उजव्या तळहातावर कुणाचा तरी हात आला.

त्या खोलीत आम्ही सगळे घामाने निथळत होतो, अंगातून वाफा निघत होत्या. आणि हा हात गार होता. ओला, गार... बोटांची टोकं खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली. त्या बोटांनी माझी बोटं एकदा घट्ट धरली, आणि मग ती सैल पडत गेली. श्वासाचा आवाज थांबला. मी वाट बघितली. पुन्हा सुरूच होईना.

मी किंचाळत उठले. "कुणाचा तरी श्वास थांबलाय! दिवे लावा!"

दिवे लागले. केतकीने सगळ्यांना पाहिलं. आठही जण गोंधळून उठून बसले होते. ठणठणीत.

"ताई, डिहायड्रेशन झालंय तुम्हाला. बसा बघू. मावशी! पाणी आणा जरा!"

मावशींची 'ओ' आली नाही. केतकीने दार उघडलं. स्टूल रिकामं.

"टॉवेल धुवायला वर गेल्या असतील," कुणीतरी म्हणालं.

मला काय झालं माहीत नाही. अनवाणी, घामेजलेली, तशीच मी जिना चढून धावले. मागून केतकी आणि आमच्या बॅचमधले साठीचे वाघकाका. गच्चीवर एक छोटी मोरी आहे, गॅस गिझर आहे, तिथे मावशी टॉवेल धुवायच्या. दाराला आतून कडी. थंडीमुळे खिडकीही लावलेली. आतून फक्त पाण्याचा आवाज.

"मावशी! अहो मावशी!"

वाघकाकांनी दोन धडका दिल्या तेव्हा कडी निघाली. मावशी फरशीवर उताण्या पडल्या होत्या, नळ चालू, गिझर चालू. मी गिझर बंद केला. आम्ही त्यांना ओढून मोकळ्यावर आणलं. श्वास नव्हता. केतकीने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं, ती गुडघ्यांवर बसून तोंडाने श्वास द्यायला लागली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग घर्र करून एक श्वास आत गेला... बराच वेळ काही नाही... मग पुन्हा.

तो आवाज मी ओळखला.

गॅस गिझरचा विषारी वायू कोंडला होता. त्याला रंग नसतो, वास नसतो. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. शवासन संपायला अजून दहा मिनिटं होती, आणि त्याआधी वर जायचं कुणालाच कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या,

"ताई, तुम्ही त्या दिवशी वर कधी आल्या?"

"दार तोडलं तेव्हा."

"नाय, त्याच्या आधी. मी पडले ना, तवा तुम्ही माझ्या डाव्या अंगाला झोपल्या होत्या. घामानं भिजलेल्या. मला वाटलं, आत चक्कर आली म्हणून वर आल्या. बोलता येईना मला, म्हणून तुमचा हात धरला. लय गरम होता."

मी त्यांना तोवर काहीच सांगितलं नव्हतं. हाताचं तर केतकीलाही नाही. कुणालाच नाही.

डॉक्टरांना विचारलं. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की असे भास होतात, म्हणाले. नवरा म्हणतो, तुला उष्णतेने भास झाला. दोन्ही कारणं मला मान्य आहेत, वेगवेगळी. पण दोघींना एकच भास, एकाच वेळी, मधे अख्खा मजला असताना?

तो गिझर आता काढून टाकलाय. मावशी मार्चपासून कामावर आल्यात. मीही जाते. केतकीने विचारलं होतं, ताई, मॅट मधे लावू का? मी नको म्हटलं. का, ते मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर जरूर सांगा... मला अजून तरी काही कळलेलं नाही.