हात वर गेला

लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांना नव्या पाट्या लागल्या, विहिरी मात्र कोरड्याच. मी चळवळीची पत्रकं लिहायचो. उद्गारचिन्ह दिल्याशिवाय माझं वाक्य संपत नसे. देवणीकडच्या रोजगार हमीच्या कामांवर, जेवणाच्या सुट्टीत, आम्ही चौघं पथनाट्य करायचो.

संवाद लिहिलेले नसत. आमच्या चौघांतले दादा मुदखेडचे, बौद्ध, आंबेडकरी जलशात वाढलेले. उभ्या उभ्या बतावणीचे सवाल-जवाब रचायचे. मी बोलायला लागलो की लोक जांभया द्यायचे.

"तू पत्रक वाचून राहिला," दादा म्हणायचे. "हसवायला जाऊ नको. त्या माणसाला जे खरं वाटतंय, तेवढंच कर."

त्या दिवशी खडीच्या कामावर दोन माठ होते. एक सावलीत, सगळ्यांचा. दुसरा उन्हात, बौद्ध वस्तीतल्या बायकांचा. नाटक झालं की त्या बायका यावर बोलणार होत्या, मुकादमासमोर. आपलं नाटक पडलं तर त्याही गप्प बसतील, याची मला धास्ती होती.

दादा तहानलेला मजूर, मी पाणी पाजणारा. दादांनी ओंजळ धरली. मी कळशी उचलली आणि माझा हात आपसूक वर गेला, चांगला हातभर. शिंतोडा उडू नये म्हणून. आमच्या दुकानाच्या ओट्यावरून आई बौद्ध वस्तीतल्या गिऱ्हाइकांना अशीच पाणी घालायची. हा अभिनय नव्हता.

"आगं बया, ह्येला बी सोंग येतंय की!" पुढे बसलेली, उन्हातल्या माठाकडची एक बाई म्हणाली. सगळे हसले. मुकादम सगळ्यात मोठ्यानं.

दादांनी ओंजळ काढली नाही. "का हो मालक, एवढ्या उंचावरून?"

पत्रकातली एकही ओळ आठवेना. "भ्या वाटतंय," मी म्हणालो.

"कशाचं?"

"घरचे काय म्हणतील, त्याचं."

हसणं थांबलं. माझा हात अजून वरच. पाणी दादांच्या कोपरावरून धुळीत चाललेलं.

"सांडू नगा की वो पाणी," ती बाई उठत म्हणाली. तशीच सावलीतल्या माठाकडे गेली, पेला बुडवला आणि प्याली.

मुकादम ताडकन उभा राहिला. "कुणाला इचारून?"

मी तावातावानं तोंड उघडलं. दादांनी माझं मनगट धरलं.

"तू गप. त्या बोलतील."

मागून दुसरी बाई उठली.