कुणाच्या नावाचं बक्षीस?

बक्षिसावर कुणाचं नाव नसलं तर ज्याला जेवण गोड लागत नाही, असा माणूस नव्वदच्या दशकात उभ्या आखातात एकच होता: माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ, आमचे भाऊजी. शारजाच्या एका विद्यापीठात पदवीदानाची कागदपत्रं ते सांभाळत. शेवटच्या वर्षातल्या सर्वोत्तम विद्यार्थ्याला तिथे दरवर्षी पुरस्कार मिळे, पण नुसताच, बिननावाचा. "आमच्या कॉलेजात धावण्याचं बक्षीससुद्धा कुणाच्या तरी सासऱ्यांच्या स्मरणार्थ असायचं. हे काय, बेवारशी!" असं म्हणत भाऊजी दरवर्षी अर्ज करत. हैदराबादी रजिस्ट्रार "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत तो ठेवून घेत.

मराठी मंडळाची लिंबू-चमचा शर्यतही त्यांनी सोडली नाही. तिच्या कपाला देणगीदाराच्या आईचं नाव दिलं आणि सवयीने आधी 'कै.' लावलं. माउली नुकत्याच मुलाकडे आल्या होत्या आणि पहिल्याच रांगेत बसल्या होत्या! भाऊजी जराही वरमले नाहीत. "बक्षिसाला नाव म्हटलं की माणूस गेलेलाच असतो हो!" त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा तोंड लपवत म्हणाली, "बाबा, शी इज राइट देअर!"

ही मुग्धा त्याच विद्यापीठात शिकली. शेवटच्या वर्षी तो पुरस्कार तिचाच, हे शिपायांनासुद्धा ठाऊक होतं. परीक्षेला तीन आठवडे उरले असताना रास अल खैमाहून परतताना गाडीला अपघात झाला आणि ती गेली.

महिन्याभराने रजिस्ट्रार स्वतः घरी आले. "भाईसाब, अवॉर्ड को अब बेटी का नाम देंगे." इतक्या वर्षांचा अर्ज मंजूर झाला होता. भाऊजींनी हात जोडले. "साब, उसके नाम का नहीं. उसको दीजिए."

पण परीक्षा न दिलेल्या मुलीला पुरस्कार देता येत नव्हता. नाव द्यायच्या संमतीचा कागद आठ दिवस सहीविना टेबलावर पडून राहिला. शेवटी त्यांची बायकोच म्हणाली, "वर्षातून एकदा तरी तिला कुणी हाक मारेल हो." तेव्हा कुठे भाऊजींनी त्यावर सही केली.

समारंभात मी त्यांच्या शेजारी होते. माइकवर मुग्धाचं पूर्ण नाव घेतलं गेलं. पुढचा 'अवॉर्ड' हा शब्द यायच्या आत भाऊजी कोटाचं बटण लावून उभे राहिले आणि एकटेच टाळ्या वाजवू लागले. मी हात धरून त्यांना खाली बसवलं. तोवर एक पॅलेस्टिनी मुलगी हसत स्टेजवर चढली होती.

"वहिनी, तिचंच नाव घेतलं ना?"

"हो भाऊजी," मी म्हणाले, "तिचंच."