पातेलं मोठं घ्या, आजी

येरवड्याच्या त्या सोलरवाल्याचं नाव मी विचारलंच नाही बघा. दाढी पांढरी, चष्मा कायम कपाळावर, आणि गिऱ्हाइकानं स्वतः गणित केल्याशिवाय माल काढायचा नाही ही त्याची खोड.

आमच्या ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन वीज गेली की सोलरच्या बॅटरीवर चालतं. पॅनेलची वीज बॅटरीत बेतानं सोडणारा कंट्रोलर मी शेजाऱ्यांकडचा बघून तसाच आणला होता. तो जळला. माझं तर धाबंच दणाणलं. तशीच त्याच्याकडे गेले.

"पॅनेल किती वॉटची?"

"सगळी मिळून चारशे ऐंशी."

"बॅटरी?"

"बारा व्होल्टची."

"मग भागा, आजी." त्यानं खडू माझ्याच हातात दिला.

मी काउंटरवर भागाकार मांडला. "चाळीस अँपिअर आले. द्या चाळीसचा!"

तो जागचा हलला नाही. "दोन लिटर दूध दोन लिटरच्या पातेल्यात तापवता का?"

"अहो, उतू नाही का जाणार!"

"थंडीतल्या लख्ख उन्हात पॅनेलचंही तसंच होतं. पाव हिस्सा जागा वर ठेवा."

मी चाळिसात दहा मिळवून पन्नास लिहिले. तेव्हा कुठे चष्मा नाकावर आला आणि खोका फळीवरून खाली.

परवा भरदुपारी वीज गेली. गल्लीतले पंखे थांबले, आमचं मशीन मात्र चालूच. दुधाची गोष्ट मी ह्यांना सांगितलेली. डोळे न उघडता म्हणाले, "उतू गेलं का गं?"

"छे हो! पातेलं मी मोजून आणलंय."